मेलेल्या कार्डाचे नंबर

"लागला का दिवा?" स्विचच्या कपाटामागून गावंडे साहेबांनी विचारलं.

"नाही."

"हिरवा नसंल तर पिवळा तरी?"

"कुठलाच नाही. नवं कार्ड ढिम्म आहे."

"च्यायला," म्हणत ते बाहेर आले आणि लगेच "सॉरी मॅडम" म्हणाले.

अकोल्यातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं ते. गावंडे तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. मी पुण्याच्या एका कंपनीची इंजिनिअर. त्या काळी माझी नोकरी म्हणजे निव्वळ पायपीट होती. कुठल्या तरी गावचं मशीन बंद पडायचं आणि मला पहिल्या गाडीत बसवून तिकडे धाडलं जायचं. मग थंडगार खोलीत उभं राहून पंख्यांची घरघर ऐकायची आणि सगळं आपल्यामुळेच बिघडलंय अशा नजरा झेलायच्या. पगार बरा होता, म्हणून मी टिकले.

त्या हॉस्पिटलात एका बाजूला विभागाविभागांचे कॉम्प्युटर होते, दुसऱ्या बाजूला डिस्कची कपाटं होती, आणि या दोघांची गाठ घालून देणारा हा स्विच मधे होता. स्विचला खण असतात. खणात कार्ड बसवायचं आणि कार्डाच्या पोर्टमध्ये वायर घालायची. कार्ड बसलं की स्विच त्याच्या प्रत्येक पोर्टला एकेक नंबर देतो. नंबर मिळाले नाहीत तर तो त्या कार्डाला चालूच होऊ देत नाही. आणि नंबर काही अमाप नसतात.

इथलं एक जुनं कार्ड जळालं होतं. त्याचा खणही करपला होता, म्हणून मोठं, दुप्पट पोर्टचं नवं कार्ड आम्ही शेजारच्या रिकाम्या खणात बसवलं होतं. ते ढिम्म का, हे मला ठाऊक होतं. जळालेलं कार्ड आम्ही काढून टेबलावर ठेवलं होतं खरं, पण स्विचच्या लेखी ते अजून होतंच. आज ना उद्या परत येईल म्हणून त्यानं त्याचे नंबर राखून ठेवले होते. बाकीचे नंबर इतर कार्डांत वाटले गेलेले. नव्याच्या वाट्याला पुरेसे उरलेच नव्हते.

"म्हणजे गेलेल्याचं ताट वाढून ठेवलंय म्हणा ना," गावंडे म्हणाले.

"तसंच काहीसं. ते आता येणार नाही, असं आपण सांगावं लागतं. मग तो नंबर सोडतो आणि नव्याला देतो."

"मग सांगा ना बाप्पा! कायची वाट पाहता?"

"एक विचारते. कुठल्या कॉम्प्युटरनं कुठली डिस्क उघडायची, याच्या परवानग्या तुम्ही कशा दिल्यात? कॉम्प्युटरच्या नावानं की पोर्टच्या नंबरानं?"

"नावानं. नंबरावरचं सारं मी आल्यावर बदललं. त्याची काळजी नका करू."

तेवढ्यात दार ढकलून तायडे मॅडम आत आल्या. हॉस्पिटलच्या वाचा-उपचार विभागाच्या त्या प्रमुख होत्या, आणि त्या विभागात त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतंही. त्यांच्या हातात साबणाच्या वडीहून थोडी मोठी एक डबी होती, वर रंगीत बटणं असलेली.

"झालं का हो गावंडे? वानखडे काका सकाळपासून बसलेत बाहेर. त्यांचे आवाज पाहिजेत मला."

"कार्डच चालू होत नाई मॅडम. तुमचा कॉम्प्युटर त्या जळालेल्या कार्डावर होता. बाकी एकही पोर्ट रिकामा नाई."

"पण आवाज तर आहेत ना? गेले नाहीत ना?"

मी म्हटलं, "आवाज डिस्कवर आहेत, आणि डिस्क ठणठणीत आहे. फक्त तुमच्या कॉम्प्युटरला तिथपर्यंत जायची वाट नाही. आज मिळेल."

हे मी खात्रीनं सांगितलं होतं.

राखलेले नंबर सोडायला हॉस्पिटलच्या अधीक्षकांची परवानगी लागणार होती. गावंडे ती आणायला गेले आणि मी ऊब खायला बाहेर बाकावर येऊन बसले. तिथं दौलतराव वानखडे बसले होते. उंचेपुरे, गळ्याभोवती पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, मांडीवर पाटी. शेजारी त्यांची बायको, वेणूबाई. त्यांनी एका हातानं नवऱ्याचं मनगट धरलं होतं. त्यांना दिसत नाही हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण मी बसताच त्यांनी बरोबर माझ्याकडे तोंड वळवलं.

"तुमीच का पुण्याच्या बाई? सेंटाचा वास आला."

"हो, मीच."

"आमच्या मानसाचा आवाज त्या कपाटात अडकला म्हनतात."

"सुटेल आता."

"सुटू द्या बाई. लय मोठा आवाज होता त्याहीचा. धान्याच्या बाजारात हर्रासाची बोली पुकारत. इकडे तुरीचा भाव बोलले का तिकडे सडकेवर ऐकू ये." मग त्या हसल्या. "आता पाहा, चोरावानी घरात येतात. मले काय समजते? परवा दारात पाय वाजला. म्या इचारलं कोन हाय, तं उत्तर नाई. पुन्हा इचारलं, तरी नाई. म्या हातातला उलथना फेकून मारला!"

दौलतरावांनी कपाळावरची खोक मला दाखवली. त्यांचे डोळे हसत होते. तंबाखूनं त्यांची जीभ आणि स्वरयंत्र दोन्ही नेली होती. दुपट्ट्याखाली गळ्याला भोक होतं आणि त्यातून श्वास फसफसत होता.

"जवय असले तं हात दाबतात, मले समजते," वेणूबाई म्हणाल्या. "एकदा दाबला तं हो, दोनदा दाबला तं नाई. पन दुरून काय करतीन? अंगनातून काय सांगतीन? सारा दिवस घरात कोनीतरी हाय आनि बोलत नाई, असं वाटते. भेव लागते बाई. आपल्याच मानसाचं भेव लागते."

तायडे मॅडमनी मला डबीचं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी दौलतरावांकडून रोजची वाक्यं बोलून घेतली होती. मी आलो. जेवलीस का? मी इथंच हाय. पाऊस येते, कपडे काढ. त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच ढंगात. ती डबीत भरायची, एकेका बटणावर एकेक वाक्य. बटण दाबलं की डबी बोलणार. ऑपरेशनची जखम भरली की या म्हणून सांगितलं होतं, आणि तो दिवस आजचा होता. नात्यातल्या कुणाकडे त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत आहे का, असं मी सहज विचारलं. मॅडम म्हणाल्या, कुणाकडे असणार? बाजारात ओरडणाऱ्याचा आवाज कोण जपून ठेवतं?

गावंडे परवानगी घेऊन आले ते पळतच.

"मॅडम, गडबड झाली. बोरगावहून एक जण आणलाय, स्लॅबवरून डोक्यावर पडला. नवीन सीटी स्कॅन आजपासूनच चालू करा म्हणतात साहेब. जुनी मशीन तर काढून नेली."

"मग करू," मी म्हटलं. "सीटीचा कॉम्प्युटर आणि मॅडमचा कॉम्प्युटर, दोन्ही नव्या कार्डावरच घ्यायचेत."

"दोन्ही कसे घेता? प्लग एकच आला ना."

खरंच की. पोर्टमध्ये वायर थेट जात नाही, मधे बोटभर लांबीचा एक प्लग बसवावा लागतो. जुन्या कार्डाचे प्लग नव्याला चालत नव्हते. नव्याचे वेगळ्या खोक्यात होते आणि ते खोकं कुरिअरवाल्याच्या गोदामात पडून होतं, उद्या येणार होतं. कार्डासोबत नमुन्याला आलेला एकच प्लग आमच्याकडे होता.

"आज एकच चालेल मग," मी म्हटलं. "दुसरा उद्या."

गावंडे तायडे मॅडमकडे पाहू लागले आणि मॅडम दौलतरावांकडे. आधी शब्द दिलेला तो त्यांना. कुणी काही विचारलंच नाही. दौलतरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "आधी त्याले."

"काय लिवलं?" वेणूबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खरं हाय. तो बिचारा कोनाचा तरी हाय. आमचं काय, उद्या. इतके दिस मुक्यावानी काढले, अजून एक रात्र."

मला त्या दोघांचं फार कौतुक वाटलं. अजूनही वाटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

आम्ही आत गेलो. नव्या कार्डाच्या पहिल्या पोर्टात प्लग बसवला आणि त्यात सीटीची वायर घातली. मग मी जळालेल्या कार्डाचे नंबर सोडायचा आदेश दिला. स्विचनं एकदा विचारलं, नक्की का? मी नक्की म्हटलं. काही वेळ पंखे जोरात फिरले. मग नव्या कार्डाचा दिवा पिवळा झाला आणि पाठोपाठ हिरवा.

"लागला!" गावंडे टाळी वाजवून सीटीच्या खोलीकडे धावले.

सीटीसाठी नव्या डिस्कचा एक मोठा हिस्सा वेगळा काढून त्या कॉम्प्युटरला द्यायचा होता. ते काम मी सुरू केलं. किचकट काम ते, घाई करून चालत नाही. मी अर्ध्यात असतानाच गावंडे परत आले. चेहरा फुललेला.

"झालं मॅडम! त्याचं स्कॅनिंग झालं, ऑपरेशनले नेलं. डोक्यात रक्त साचलं होतं म्हणतात, फोटोत साफ दिसलं. मानलं बाप्पा तुमाले, किती झटपट डिस्क दिली."

"कुठली डिस्क?"

"सीटीले दिली ना तुमी."

"मी अजून दिलीच नाही."

"असं कसं? मशीनच्या कंपनीचा माणूस बसला होता तिथं. म्हणाला, नवीन डिस्क दिसली. कॉम्प्युटरनं विचारलं, साफ करून वापरायले घेऊ का? तो म्हणाला घे. तिच्यातच तर फोटो ठेवले."

मी परवानग्यांची यादी उघडली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेले. नाव, नाव, नाव. सगळ्या परवानग्या नावानं होत्या, गावंडे खोटं बोलले नव्हते. अगदी तळाशी एक परवानगी होती, त्यांच्या आधीच्या माणसानं स्विच आला तेव्हा दिलेली. वाचा-उपचार विभागाची. ती एकटी नंबरानं होती. हा नंबर ज्या पोर्टचा असेल, त्यानं आवाजांची डिस्क उघडावी. जळालेल्या कार्डावर तो नंबर तायडे मॅडमच्या कॉम्प्युटरचा होता. आता तो नव्या कार्डाच्या पहिल्या पोर्टला मिळाला होता, आणि तिथं सीटी होतं. स्विचनं नंबर पाहिला आणि दार उघडून दिलं. सीटीला ती डिस्क कोरी आणि अनोळखी वाटली. त्यानं ती पुसली आणि त्या माणसाच्या डोक्याची चित्रं दौलतरावांच्या आवाजावर लिहून टाकली.

पहिल्या पोर्टात मॅडमची वायर गेली असती, तर काही म्हणता काही झालं नसतं. दौलतरावांनी नुसती पाळी सोडली नव्हती. पाळीबरोबर त्यांचा नंबरही गेला होता.

गावंडे खुर्चीत बसले. "दुसरी प्रत?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आवाजाच्या फायली जड, म्हणून त्यांची प्रत निघत नव्हती. प्रत काढायच्या नव्या मशीनचा अर्ज मंजुरीला पडून होता. मॅडमचा रेकॉर्डर प्रत्येक पेशंटनंतर पुसला जायचा.

मी सीटीची चित्रं नव्या डिस्कवर हलवली, ती डिस्क सीटीपासून वेगळी केली आणि उरलंसुरलं खरवडून काढणारा प्रोग्राम तिच्यावर सोडला. मनातून मला माहीत होतं, पण काहीतरी करत राहणं भाग होतं. दिवस कलता कलता त्याला एक तुकडा सापडला. तायडे मॅडम आणि गावंडे दोघंही वाकून ऐकायला आले. खरखर झाली आणि मग तायडे मॅडमचाच आवाज आला, "सावकाश, काका. घाई नाही." त्यापुढं काही नव्हतं.

मॅडम भिंतीकडे तोंड करून रडल्या.

सांगायला आम्ही तिघंही गेलो. वेणूबाई हात धुवायला नळावर गेल्या होत्या, तेवढ्यात सांगितलं. मीच सांगितलं, होतं नव्हतं ते सगळं. नंबर, परवानगी, पुसलेली डिस्क. दौलतराव नीट ऐकत होते, मधे एकदाच त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि नंबराचं पुन्हा सांगायला लावलं. आता हे पाटी फेकतील, मारायला धावतील, असं वाटत होतं. धावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी पाटीवर लिहिलं, "तो वाचला?"

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात," गावंडे म्हणाले. "वाचतो."

दौलतरावांनी मान डोलावली, पाटी पुसली आणि दुसरं लिहिलं. "तिले सांगू नका."

रात्री ते दोघं हॉस्पिटलच्या धर्मशाळेत राहिले. सकाळी कुरिअर आलं, प्लग आले, मी तायडे मॅडमचा कॉम्प्युटर जोडून दिला. आता वाट अगदी झकास होती आणि पलीकडे काहीच नव्हतं. मॅडम डबी घेऊन बसल्या होत्या. डबीत तयार आवाज असतात, पण ते सगळे शहरी, पुस्तकी, बाईचे.

"माह्या आवाजात भरा," गावंडे अचानक म्हणाले. "घरची बोली तरी राहीन. तिले शब्द तर समजतीन."

दौलतराव विचार करत बसले. मग त्यांनी होकारार्थी मान डोलावली. पर्याय तरी काय होता? मग गावंडे बोलत गेले आणि मॅडम भरत गेल्या. मी आलो. जेवलीस का? मी इथंच हाय. कपड्यांचं वाक्य परत घ्यावं लागलं. दौलतराव प्रत्येक वाक्याला हातानं दाखवत होते, इथं वर जा, इथं ओढून बोल. गावंडे तसं करायचा प्रयत्न करत होते. जमत नव्हतं. गावंड्यांचा आवाज बारीक होता, कार्यालयातला, आणि तो काही केल्या बाजारातला होईना.

मॅडमनी डबी दौलतरावांच्या हातात दिली. त्यांनी दुपट्टा सारखा केला आणि दार उघडलं. वेणूबाई बाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. आम्ही दारातच थांबलो. ते चार पावलांवर उभे राहिले आणि त्यांनी पहिलं बटण दाबलं.

"मी आलो," डबी म्हणाली.

वेणूबाईंनी पटकन पदर डोक्यावर ओढला आणि पाय आवरून घेतले.

"कोन जी?" त्या अदबीनं म्हणाल्या. "म्या आवाजावरून वयखलं नाई."

दौलतरावांनी परत बटण दाबलं. "मी आलो." मग घाईघाईनं दुसरं. "मी इथंच हाय."

"हो जी, पन ते आत गेले हायेत. येतीनच आता," वेणूबाई म्हणाल्या. "बसा ना तुमी." आणि त्या परक्या माणसाला जागा व्हावी म्हणून त्या बाकाच्या पार टोकाला सरकल्या.